संगीत मंडळाच्या समितीत आहे. बुवांबद्दल हे कळल्यावर त्यांना मंचावर बसवायचं का?

दीपमाळ

नमस्कार. अंत्रुजेतल्या, म्हणजे गोव्याच्या फोंडा तालुक्यातल्या, एका गावात आमचं छोटं संगीत मंडळ आहे. दिवाळीनंतर देवळाच्या सभागृहात एक रात्र आणि दुसरी सकाळ असं संमेलन करतो. पैसा गावचा, थोडा मुंबईला असलेल्या महाजनांचा. मी हायस्कुलातून शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. समितीत बाईमाणूस मी एकटीच, त्यामुळे कलाकारांना कुणाच्या घरी उतरवायचं, कोण रात्री जेवत नाही, कुणाला गाण्याआधी गरम पाणी लागतं, हे सगळं माझ्याकडे.

यंदा सकाळच्या सत्रात नवा आवाज घ्यायचा ठरला तेव्हा मी एका मुलीचं नाव सुचवलं. बावीस वर्षांची, विशारद झालेली. गणपतीच्या चवथीत एका घरी तिने म्हटलेला अभंग ऐकून आरतीला आलेली माणसं उठायची विसरली होती. फोन केला तर आधी "बघते" म्हणाली, मग "नाही जमणार." मी तिच्या घरी गेले. आई चहा ठेवायला आत गेली तेव्हा तिने विचारलं, "बाई, रात्रीच्या बैठकीला गुरुजी आहेत का?" आहेत म्हटल्यावर बराच वेळ गप्प बसली आणि मग बोलायला लागली.

गुरुजी म्हणजे हेच बुवा, ज्यांच्याकडे ती अकरावीपासून शिकत होती. आमच्या भागात त्यांचा शब्द चालतो. मी नाव लिहिणार नाही आणि कुणी तर्क लढवू नयेत ही विनंती.

तिने फोन माझ्या हातात दिला. रात्री साडेअकरानंतरचे मेसेज. "झोपलीस? तुझा आजचा कोमल धैवत अजून कानात आहे." पुढचा, "हे घरी दाखवू नकोस, त्यांना गाण्यातलं काय कळतं." सगळे असेच. एकेक सुटा वाचला तर गुरूचं कौतुक वाटेल, एकाखाली एक वाचत गेलं की अंगावर काटा येतो. वर्गात "श्वास पोटातून घे" म्हणत पोटावर हात, तो हात तिथे राहायचा, मग सरकायचा. इतर मुलींचा वर्ग संपल्यावर तिला थांबवायचं, इलेक्ट्रॉनिक तानपुरा मोठ्याने सुरू, दाराला आतून खिटी. बाहेरगावच्या एका कार्यक्रमाला दोघांत एकच खोली असल्याचं तिथे पोचल्यावर कळलं. ती रात्रभर यजमानांच्या आजीच्या शेजारी झोपली.

त्यानंतर शिक्षा सुरू झाली. मागे तानपुऱ्यावर बसायची ती बंद झाली. गुरुपौर्णिमेच्या यादीतून नाव गेलं. शिष्यवृत्तीच्या अर्जावर गुरूची सही लागते, ती "आज देतो, उद्या देतो" म्हणत मुदत टळली. आता दुसऱ्या शिष्यांना सांगतात की तिचा सूर हलतो. शेवटचा मेसेज जुलैअखेरचा आहे, "माफी मागितलीस तर अजून दार उघडं आहे." तेव्हापासून ती गायलेली नाही.

माझ्या डोळ्यांसमोरची एक गोष्ट सांगते. संमेलनाआधी त्यांचा फोन येतो तेव्हा दरवेळी एक मागणी असते. सोबत येणाऱ्या शिष्येची व्यवस्था त्यांच्या शेजारच्याच खोलीत करा, पहाटे रियाज असतो. आमच्याकडे पाहुणे घराघरांत उतरतात आणि मुलींना मी माझ्या घरी नेते, म्हणून ती मागणी आमच्या गावात कधी पुरी झाली नाही. पण बाकीच्या गावांत होत असेल.

समितीत मी मुलीचं नाव न घेता विषय काढला. अध्यक्ष म्हणाले, "कोर्टात सिद्ध झालंय का? आणि बुवा नसले तर सभागृह भरणार कसं?" खजिनदारांचं म्हणणं असं की आपण गाणं ऐकायला बोलावतो, चारित्र्याचा दाखला द्यायला नव्हे.

मला विचारायचं आहे ते हे. कुणाला बोलवायचं नाही एवढं ठरवायचा अधिकार आमच्यासारख्या बिनपगारी मंडळाला आहे की त्यासाठी काही सिद्ध व्हावं लागतं? मुलीचं नाव बाहेर न येता हे कसं करायचं? आणि सगळ्यांत मोठी काळजी म्हणजे त्यांच्या वर्गात आता एक दहावीतली मुलगी "खास तालमीला" थांबते असं हिने सांगितलं. तिच्याबाबतीत काही घडलंय असं मला माहीत नाही. पण हिच्याबाबतीतही असंच सुरू झालं होतं.

संवादिनी

ताई, मी म्हापशाला गाणं शिकवते. तुमची पोस्ट दोनदा वाचली.

त्या मुलीला सांगा की तिचा सूर हलत नाही. हे वाक्य मी आणखी दोन ठिकाणी, आणखी दोन मुलींबद्दल ऐकलंय. नकार दिलेल्या मुलीचा सूर नेमका नकारानंतर हलायला लागतो. या क्षेत्रात एखादीला संपवायला एवढं पुरतं, कारण सूर मोजायची पट्टी ज्याच्या हातात तोच बोलतो आणि ऐकणारा मान डोलावतो.

पोटावरच्या हाताबद्दल बोलते, कारण पालकांना वाटतं की गाण्यात तसं करावंच लागत असेल. नाही करावं लागत. श्वास दाखवायचा असेल तर मी मुलीला तिचाच हात तिच्या पोटावर ठेवायला सांगते, किंवा जमिनीवर उताणं झोपवून पोटावर वही ठेवते. वही वरखाली होते ती तिलाच दिसते. मुद्रादोष असेल, म्हणजे गाताना चेहरा वेडावाकडा होत असेल, तर समोर आरसा ठेवते. हात लावल्याशिवाय न शिकवता येणारं गायनात काहीही नाही.

माझ्या वर्गाचं दार उघडं असतं, आईबापांपैकी कुणालाही कोपऱ्यात बसता येतं आणि निरोप फक्त पालक असलेल्या ग्रुपवर. त्याने तालीम बिघडलेली नाही.

तुमच्या अध्यक्षांना हेही सांगा. २०१८ साली चेन्नईच्या म्युझिक अकॅडमीने डिसेंबरच्या हंगामातून सात कलाकारांना वगळलं. देशातल्या सर्वांत मोठ्या संगीत महोत्सवांपैकी एक तो, आणि तेव्हा कुठल्या कोर्टाचा निकाल हातात नव्हता. बायका बोलल्या, संस्थेला त्यात तथ्य वाटलं, संस्थेने आपला मंच दिला नाही. महोत्सव झाला, लोक आले.

जुना_श्रोता

भगिनी, तुमच्या हेतूबद्दल शंका नाही. पण एक बाजू ऐकून एखाद्याची आयुष्यभराची साधना मातीत घालू नये. टाळी एका हाताने वाजत नाही. मेसेज सुटे वाचले तर कौतुक वाटतं असं तुम्हीच लिहिलंय. गुरू शिष्येच्या धैवताबद्दल बोलणार नाही तर कशाबद्दल बोलणार?

आणि दार उघडं, पालक कोपऱ्यात, ग्रुपवर निरोप, ही शिकवणी झाली. गुरुशिष्य परंपरेत शिष्य गुरूच्या घरात राहायचा, पाणी भरायचा, गुरू मध्यरात्री उठवून बंदिश द्यायचा. ती जवळीक काढून घेतलीत तर परीक्षा पास होणारे गायक मिळतील, घराणं मिळणार नाही.

दीपमाळ

श्रोतेसाहेब, तुम्ही सभ्यपणे लिहिलंत म्हणून तसंच उत्तर देते.

धैवताबद्दल बोलावं, जरूर बोलावं. वर्गात, सगळ्यांसमोर बोलावं. तिथे ते तिच्या धैवताबद्दल एकदाही चांगलं बोललेले नाहीत. जे बोलायचं ते मध्यरात्री आणि "घरी दाखवू नकोस" म्हणून. कौतुक घरी दाखवायचं असतं.

मध्यरात्री उठवून बंदिश देणाऱ्या गुरूच्या घरात त्याची बायको, सून, मुलं, चार शिष्य असायचे. सगळं घर ऐकायचं. तालीम द्यायला आतून खिटी लागत नाही. आणि नकार दिल्यावर जो शिष्येची सही अडवतो त्याला घराणं पुढे न्यायचं नाही, हे तुम्हालाही दिसत असेल.

वकीलबाय_मडगाव

दीपमाळताई, मुद्द्याचं लिहिते.

आधी दहावीतली मुलगी, कारण त्यात थांबायला वेळ नाही. अठराच्या आतल्या मुलांना लैंगिक अत्याचारापासून जपणारा २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. त्याच्या कलम १९ नुसार गुन्हा घडल्याचं माहीत असेल तर, किंवा घडण्याची शक्यता वाटत असेल तरीही, कुणाही व्यक्तीने पोलिसांना कळवायचं असतं. 'शक्यता वाटत असेल' हे शब्द कायद्यातच आहेत. माहिती असून न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे, आणि प्रामाणिकपणे कळवणाऱ्यावर, पुढे काही निष्पन्न झालं नाही तरी, कारवाई होत नाही. पुरावा गोळा करणं तुमचं काम नाही. त्या मुलीला बोलावून प्रश्न विचारत बसू नका, तिला नंतर तेच पुन्हा पुन्हा सांगावं लागतं आणि जबाब गढूळ होतो. तिच्या आईवडिलांना भेटा, त्यांना घेऊन जा. पोलीस स्थानकात पाय ठेवायला ते घाबरत असतील तर १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा. आपल्या गोव्यात तर पॉक्सोच्याही आधी, २००३ पासून, स्वतःचा बाल कायदा आहे आणि त्याखाली बाल न्यायालयही आहे. शिक्षकाने किंवा विश्वासातल्या माणसाने केलेलं कृत्य कायदा जास्त गंभीर मानतो. कपड्यावरून हात लावला, त्वचेला त्वचा लागली नाही, ही पळवाट सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये बंद केली. स्पर्शामागचा हेतू बघायचा.

आता तुमची बावीस वर्षांची मुलगी. निर्णय तिचा. तुम्ही तिच्या वतीने शूर होऊ नका. तिच्यापुढे दोन रस्ते आहेत आणि दोन्ही एकाच वेळी धरता येतात. एक पोलीस तक्रार. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहितेचं कलम ७५ लागतं, त्याआधीच्यांना जुन्या दंडविधानातलं ३५४ अ. दुसरा रस्ता २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याचा. लोकांना वाटतं की तो ऑफिसातल्या बायकांचा. पण त्यातली कामाच्या जागेची व्याख्या रुंद आहे, शैक्षणिक आणि मनोरंजनाच्या सेवा देणारा खासगी उपक्रम त्यात येतो आणि तक्रारदार बाई तिथे पगारावर असलीच पाहिजे असं नाही. माझ्या मते खासगी गायनवर्ग त्यात बसतो. दहापेक्षा कमी माणसं काम करतात तिथे, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर, ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. फोंडा तालुका २०१५ पासून दक्षिण गोव्यात आहे, म्हणजे मडगावचं जिल्हाधिकारी कार्यालय. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची. जुलैअखेरचा मेसेज ही शेवटची घटना धरली तर ऑक्टोबर संपायच्या आत. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते, पण त्यावर विसंबू नका. तिला स्वतःला देणं शक्य नसेल तर तिच्या लेखी संमतीने घटना माहीत असलेली दुसरी व्यक्ती देऊ शकते.

मेसेज खोडू नका. नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत, मूळ फोन जपा, तो विकायला किंवा बदलायला देऊ नका. त्या बाहेरगावच्या रात्रीबद्दल, आजीच्या शेजारी झोपल्याबद्दल, तिने तेव्हा कुणाला काही सांगितलं असेल तर ते नाव आणि तारीख लिहून ठेवायला सांगा. तिच्या शब्दांत, तिच्या अक्षरात.

शेवटी तुमचं मंडळ. तुम्हाला कुणाला बोलवायचं ते तुम्ही ठरवता. करार झालेला नसेल तर आमंत्रण न देण्याला कारणही द्यावं लागत नाही. त्यासाठी कोर्टाचा निकाल कशाला? अडचण होते ती बोलण्यात. फलकावर, ग्रुपवर, भाषणात "अमुक माणसाने असं केलं म्हणून वगळलं" लिहाल तर बदनामीचा दावा ओढवून घ्याल आणि मुलीची ओळखही फुटेल. इतिवृत्तात एवढंच लिहा की समितीने यंदाची कलाकारांची निवड अशी केली.

हे शांतपणे करा असं मी म्हणते त्याला आपल्याच घरातलं उदाहरण आहे. गोवा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाविरुद्ध विद्यार्थिनींनी लैंगिक छळाच्या तक्रारी केल्या, बडतर्फी झाली, आणि मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. चौकशी घाईत उरकली, बाजू मांडायला पुरेशी संधी दिली नाही, म्हणून. प्रकरण पुन्हा चौकशीला परत. किती वर्षं मुलींच्या डोक्यावर ते लटकत राहिलं असेल. त्याच निकालात देशभरच्या संस्थांत लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समित्या नुसत्या कागदावर आहेत की खरंच आहेत हे तपासायचा आदेशही झाला. चौकशी ज्यांनी करायची त्यांच्याकडून ती नीट होऊ द्या. तुम्ही मंच तेवढा सांभाळा.

कुळागर

मी कलावंत घराण्यातली. माझ्या पणजीला देवाला वाहिलेली होती. ती गायची, आणि तिच्या गाण्याचा, तिच्या दागिन्यांचा आणि तिचाही मालक तिला आश्रय देणारा यजमान होता. आमच्या घरात हे कुजबुजत सांगत नाहीत, उघड सांगतात, कारण लाज आमची नव्हती. राजाराम पैंगीणकरांसारखे आमच्यातलेच लोक उठले, मुली वाहायच्या नाहीत म्हणाले, शाळेत घालायच्या म्हणाले. त्यांना शिव्या कुणी घातल्या? परंपरा बुडते म्हणणाऱ्यांनी.

जुना_श्रोता परंपरेबद्दल बोलले म्हणून हे सांगावंसं वाटलं. गोव्याने देशाला जे गाणं दिलं ते याच बायकांनी दिलं. केरीच्या केसरबाई केरकर, कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर. मोगूबाईंची तालीम किती वेळा सुटली आणि त्यांनी ती किती वेळा पुन्हा धरली हे वाचलं तर कळतं की गाणं शिकायला मिळणं हीच बाईसाठी लढाई होती, आणि कुणाला शिकवायचं यावर धनिक आश्रयदात्यांचंही वजन पडत होतं. मोगूबाईंच्या लेक किशोरीताई आमोणकर मुलाखतींत सांगायच्या की आईबरोबर कार्यक्रमांना गेल्यावर आयोजक तिला कसं वागवत ते त्यांनी लहानपणी पाहिलं होतं, म्हणून स्वतः गायला लागल्यावर त्यांनी मानाच्या बाबतीत कधी पडतं घेतलं नाही. लोक त्यांना तऱ्हेवाईक म्हणाले. आयोजकांनी आईला दिलेली वागणूक लेकीच्या लक्षात राहिली होती.

म्हणजे आयोजक हा नुसता खुर्च्या मांडणारा कधीच नव्हता. दीपमाळबाय, तुम्ही मुलींना तुमच्या घरी नेता हे वाचून मला फार बरं वाटलं. माझ्या पणजीला असं कुणी नेलं नाही.

आज देवाला कुणी वाहत नाही, आईबाप स्वतः फी भरून गुरूच्या स्वाधीन करतात आणि "आता ती तुमची" म्हणतात. हे वाक्य आधी बंद व्हायला हवं.

डग्गा_डिचोली

मी तबला वाजवतो, साथीला गोवाभर फिरतो. साथीदाराला सगळं दिसतं. गाडीत मागे कोण बसलं, कुणाला पुढे बसायला सांगितलं, ग्रीनरूममधून कुणाला बाहेर काढलं. आम्ही बोलत नाही कारण पुढच्या महिन्याची तारीख त्याच बुवांकडून यायची असते. हे माझं समर्थन नव्हे, बाजार असा चालतो ते सांगतोय.

हा बाजार तुम्ही लोक चालवता, ताई. बुवांची ताकद त्यांच्या गळ्यात अर्धी, उरलेली तुमच्यासारख्या पंचवीस-तीस मंडळांच्या आमंत्रणपत्रिकेत. सप्ताह, जत्रा, रवींद्र भवनातले कार्यक्रम, कुठल्या शिष्येला सकाळी गाऊ द्यायचं हे आयोजक बुवांनाच विचारतात. "तुमच्याकडची कुणी चांगली मुलगी पाठवा." तिथेच मुलीची दोरी त्यांच्या हातात जाते. नवे कलाकार थेट निवडा. महिनाभर आधी घरी बोलावून ऐका, गुरूची चिठ्ठी मागू नका. बिदागी मुलीच्या हातात किंवा तिच्या खात्यात, गुरुजींच्या पाकिटात एकत्र नको. उतरायची सोय तुम्ही करता तशी, आणि येण्याजाण्याची गाडी वेगळी किंवा सोबत घरचं माणूस. एवढं चार मंडळांनी केलं तरी पुष्कळ फरक पडेल.

सभागृह भरणार नाही म्हणणाऱ्या अध्यक्षांना सांगा की आमच्याकडे लोक नाट्यपदांना येतात. चांगली भैरवी कुणीही म्हटली तरी शेवटपर्यंत बसतात.

जुना_श्रोता

कुळागर यांचं वाचलं. दोन दिवस काही लिहिलं नाही. मला अजूनही वाटतं की प्रत्येक गुरूकडे संशयाने बघणं वाईट. पण सही अडवण्याचा मुद्दा माझ्या मनातून जात नाही. त्याला काही उत्तर नाही. बिदागी आणि चिठ्ठीबद्दल तबलजींनी लिहिलंय ते आमच्या सर्कलमध्ये मांडतो.

दीपमाळ

सगळ्यांचे आभार, विशेष करून वकीलबाय तुमचे. तुमची पोस्ट छापून पिशवीत घेऊन फिरले.

दहावीतल्या मुलीबाबत जे करायचं ते तिच्या आईवडिलांसोबत केलं आहे. त्याबद्दल इथे यापुढे एक अक्षर लिहिणार नाही, कुणी विचारू नये.

रविवारी समितीची सभा झाली. मी दोनच गोष्टी मांडल्या. एक, निवड आपली आहे, त्याला निकाल लागत नाही. दुसरी, यापुढे कुठल्याही कलाकाराबरोबर येणाऱ्या मुलीची राहण्याची सोय मंडळ ठरवील, कलाकार नाही, आणि हे आमंत्रणाच्या पत्रातच छापलेलं असेल. खजिनदार म्हणाले, "पत्रात छापलं तर मोठे कलाकार चिडतील." मी विचारलं, "चिडेल कोण?" त्यावर सभेत कुणी काही बोललं नाही. राहण्याचा ठराव एकमताने झाला. बुवांना न बोलावण्याचा चार विरुद्ध तीन असा. अध्यक्षांनी विरोधात मत दिलं, पण ठराव झाल्यावर इतिवृत्तावर सही केली आणि बुवांना फोन करायचं काम स्वतःकडे घेतलं. "यंदा वेगळी मांडणी आहे" एवढंच बोलले. मी शेजारी बसले होते. पलीकडून काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही, पण ते बराच वेळ चाललं होतं आणि अध्यक्षांचा चेहरा फोन ठेवल्यावर उतरलेला होता.

मुलीला कळवलं. तक्रारीचा कागद तिने लिहायला घेतलाय, तिची मावशी मडगावला असते, ती सोबत जाणार. कधी द्यायचा ते ती ठरवील. ऑक्टोबरची मुदत तिला माहीत आहे, तारखेवर मावशीने कॅलेंडरवर खूण केली आहे.

सकाळच्या सत्राला ती हो म्हणाली आहे. एक अट घातली. पत्रिकेत सगळ्यांच्या नावाखाली 'अमुक यांची शिष्या' असं छापतो, तिच्या नावाखाली ते नको. मी म्हटलं, कुणाच्याच नावाखाली छापायचं नाही, म्हणजे तिचंच वेगळं दिसणार नाही. प्रेसला तसं कळवलंय.

आता अडचण पेटीची. ज्यांना सांगितलं होतं त्यांनी परवा "घरात कार्य आहे" म्हणून नकार कळवला, आणि दुसऱ्यांनी कारणही दिलं नाही. बुवांचा फोन गेला असणार. तबला मिळतोय, तोही खात्रीचा नाही. तिने महिनोन्‌महिने गळा उघडलेला नाही, आधी दोन-तीन वेळा सोबत बसायला तयार असेल असा पेटीवाला हवा. बिदागी मंडळ देईल, येण्याजाण्याचा खर्चही. कुणाच्या ओळखीचं असेल तर मला इथल्या निरोपपेटीत कळवा.

डग्गा_डिचोली

माझा पेटीवाला मित्र साखळीला असतो, बुवांच्या फोनला तो भीक घालत नाही. त्याला विचारलं, हो म्हणाला. तबल्याला मी येतो. सराव तुमच्याच घरी ठेवूया, शनिवारी दुपारनंतर आम्ही दोघंही मोकळे आहोत. तिचा सूर पेटीवरच्या काळी चारचा की पाचचा तेवढं आधी कळवा, त्या पट्टीचा तबला घेऊन यावा लागेल.

संवादिनी

आणि ताई, शनिवारी तुम्हाला चालत असेल तर मीही येते. शिकवायला नाही. मागे तानपुऱ्यावर बसेन.